बचावपटूचा सत्कार

आमच्या मंडळाचा गणपती प्रमुख पाहुण्याशिवाय पाण्यात उतरत नाही. गणपतीची काही हरकत नसावी, हरकत मंडळाची असते. आरत्या झाल्या, अथर्वशीर्ष झालं, मुलांचे नाच झाले, तरी कुणीतरी बाहेरचा माणूस स्टेजवर बसून त्याच्या खांद्यावर शाल आणि हातात नारळ पडल्याशिवाय लंडनच्या हाउन्सलोतल्या मराठी माणसाला कार्यक्रम झाल्यासारखा वाटत नाही. मी मंडळाची सेक्रेटरी आहे, त्यामुळे हा बाहेरचा माणूस शोधणं दर वर्षी माझ्या गळ्यात पडतं.

गेल्या वर्षी मुंबईहून एक गायिका येणार होती. तिचा व्हिसा आला नाही. कार्यक्रम आठवड्यावर आलेला, हॉल घेतलेला, केटररला पुलाव सांगितलेला आणि स्टेजवरची खुर्ची रिकामी. माझा नवरा जयंत मंडळाचा अध्यक्ष आहे, म्हणजे काळजी करायचं काम त्याच्याकडे नाही. तो स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभा राहून चहा पीत होता आणि बाहेर बघत होता. बाहेर, कुंपणापलीकडच्या बागेत, आमचा शेजारी तेल्मो मुलांचे मोजे दोरीवर वाळत घालत होता.

"हा काय वाईट आहे?" जयंत म्हणाला.

तेल्मो सेराव पोर्तुगालचा. पेशाने फुटबॉलपटू, आणि त्यातही डिफेंडर, म्हणजे गोल करणारा नव्हे, दुसऱ्याला करू न देणारा. बायको ग्रासा आणि दोन मुलांसह तो त्याच्या दोन वर्षं आधी आमच्या शेजारी राहायला आला होता. तो काही टीव्हीवर दिसणारा मोठा खेळाडू नव्हता. इंग्लंडातल्या खालच्या डिव्हिजनमधल्या छोट्या क्लबांकडून खेळणारा, गाडी स्वतः धुणारा साधा माणूस. मला तो 'दोना मंजिरी' म्हणतो. त्यांच्याकडे मोठ्या बाईला असं म्हणतात. मला ते आवडतं, कारण मंडळात मला बहुतेक लोक 'अहो, ते पार्किंगचं काय झालं' असंच म्हणतात.

"तो प्रमुख पाहुणा कसा होईल?" मी म्हटलं. "सत्कारासाठी काही निमित्त नको?"

"निमित्त आहे की. रिटायर झालाय."

आता हे जयंतने कशावरून ठरवलं, तर तेल्मो मे महिन्यापासून सकाळी दहा वाजता घरी दिसत होता यावरून. वय छत्तीस, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, आणि भर कामाच्या दिवशी मोजे वाळत घालतोय. आपल्याकडे असा माणूस एक तर आजारी असतो नाही तर निवृत्त. आजारी तो दिसत नव्हता.

तुम्ही म्हणाल, मग विचारायचं. पण घरी बसलेल्या माणसाला 'काय हो, हल्ली घरी?' असं आपल्यात तोंडावर विचारत नाहीत. ते त्याच्या बायकोला विचारतात. आणि ग्रासा एका बेकरीत पहाटेच्या शिफ्टला जायची, मी एअरपोर्टवर हरवलेल्या सामानाच्या डेस्कवर अकरा ते सहाच्या शिफ्टला. आमची गाठ पडायची ती कचऱ्याचे डबे बाहेर काढताना, आणि तिथे कुणी असले विषय काढत नाही.

खरी गोष्ट अशी होती की तेल्मो रिटायर झालेला नव्हता. मे महिन्यात त्याचा करार संपला आणि क्लबने नवा केला नाही. मग ऑगस्टमध्ये लीड्सच्या पलीकडच्या थॉर्पली टाउन नावाच्या एका लहान क्लबाने त्याला पंधरा दिवस सरावाला बोलावून पाहिलं. तिथला मॅनेजर कीथ ओल्डरॉइड म्हणाला, कळवतो. (ते पंधरा दिवस मुलं सुट्टीत सेतुबलला होती, आणि आम्हाला वाटलं, तोही तिकडेच गेलाय.) त्यानंतर तेल्मो त्या एका फोनची वाट बघत होता. विसर्जनाच्या शनिवारपर्यंत फोन आला नाही तर बूट माळ्यावर टाकायचे आणि पोर्ट्समथला मेव्हण्याच्या टाइल्सच्या धंद्यात शिरायचं, असं त्याने ग्रासाला सांगून ठेवलं होतं. शनिवार विसर्जनाचा आहे हे अर्थात तेव्हा त्याला ठाऊक नव्हतं. आणि आम्हाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

मी कुंपणाशी गेले. म्हटलं, आमच्या गणेशोत्सवात तुमचा सत्कार करायचाय.

"माझा? कशाबद्दल?"

"तुमच्या करिअरबद्दल. सगळ्या."

तेल्मोच्या हातात चिमटा होता. तो त्याने दोनदा उघडला, मिटला. "सगळ्या करिअरबद्दल मला कधी कुणी विचारलं नाही," तो म्हणाला. तो लाजला होता. सहा फुटांचा दाढीवाला माणूस मोज्यांच्या रांगेमागे उभा राहून लाजतो तेव्हा बरं वाटतं. मला तेव्हा फारच बरं वाटलं, ते आठवून आता कसंसंच होतं.

सत्कार म्हटला की मानपत्र आलं. मंडळात शुद्धलेखन येणारी आता मी एकटीच उरल्यामुळे मानपत्रं मी लिहिते. तेल्मोला मी चहाला बोलावलं आणि समोर बसवून माहिती विचारायला लागले.

सेतुबल नावाच्या बंदराच्या गावी जन्म. वडील फेरीबोटीवर दोर टाकायचे. तेल्मो बोटीच्या डेकवर चेंडू खेळायला शिकला, आणि तिथे चेंडू सुटला की थेट समुद्रात, म्हणून तो सुटू न देण्याची सवय त्याला तिथूनच लागली. पुढे पोर्तुगालात दुसऱ्या डिव्हिजनमध्ये काही वर्षं, मग सायप्रस, मग रुमानियात एक हिवाळा. तिथे मैदानावरचा बर्फ खेळाडूच फावड्याने काढायचे. मग इंग्लंड. इथे चार क्लब, चारही गावांची नावं मला त्याच्याकडून दोनदा लिहून घ्यावी लागली.

"गोल किती केलेत?" मी पेन सरसावून विचारलं.

"तीन."

"या सीझनमध्ये?"

"आयुष्यात." मग जरा थांबून, प्रामाणिकपणे, "त्यातले दोन आमच्याच जाळ्यात."

मी पेन खाली ठेवलं. मानपत्राची एक भाषा असते. 'दैदीप्यमान', 'उत्तुंग', 'यशाची अनेक शिखरे पादाक्रांत'. सतरा वर्षांत एक गोल केलेल्या माणसाला मी कुठल्या शिखरावर चढवणार? मला जयंतचा राग आला. गायिका परवडली असती, निदान तिने गाणी तरी म्हटली असती.

"मग तुम्ही मैदानावर नव्वद मिनिटं करता काय?" मी विचारलं. जरा तडकून विचारलं असेल.

"बोलतो," तेल्मो म्हणाला.

"कुणाशी?"

"सगळ्यांशी. डावीकडे सरक, मागे बघ, वर ये, तो मोकळा आहे. सारखा बोलतो. आणि उभा राहतो."

"कुठे?"

"चेंडूला जिथे यायचं असेल तिथे."

हे काम तर मी घरात अनेक वर्षं करत्येय आणि माझा सत्कार कुणी केलेला नाही, असं माझ्या तोंडावर आलं होतं, पण पाहुण्याला कशाला ऐकवा. तो गेल्यावर मी तशीच कोऱ्या कागदासमोर बसून राहिले. संध्याकाळ होती, शेजारच्या बागेत मुलं खेळत होती. तेल्मोची दोन आणि गल्लीतली चार-पाच. मी खिडकीतून बघत होते, आणि बघता बघता माझं लक्ष माझ्या अळूकडे गेलं.

माझं अळू हा हाउन्सलोत एक प्रसिद्ध विषय आहे. कुंपणाला लागून सहा मोठ्या कुंड्या, उन्हाळ्यात हत्तीच्या कानाएवढी पानं. गणपतीतली अळूवडी माझ्या पानांची असते आणि त्यासाठी एजवेअरहून माणसं गाडी काढून येतात. अळूवडीचं पान अख्खं लागतं, फाटलं की संपलं. तेल्मोच्या आधी शेजारी जे कुटुंब राहायचं त्यांच्या मुलांचा चेंडू दर आठवड्याला माझ्या अळूवर पडायचा. मी त्यांच्याशी भांडले, कौन्सिलला फोन केला, शेवटी बोलणं टाकलं. तेल्मो आल्यापासून चेंडू पडला नव्हता. एकदाही नाही. ही मुलं चांगल्या वळणाची आहेत, असं मी समजत होते.

मुलं मुळीच चांगल्या वळणाची नव्हती. ती वाट्टेल तशी लाथ मारत होती. पण कुंपणाच्या बाजूला, माझ्या अळूकडे पाठ करून, हात मागे बांधून तेल्मो उभा होता, तोंडाने काहीतरी बोलत. चेंडू इकडे आला की त्याचा पाय नाही तर छाती नाही तर डोकं तिथे आधीच असायचं. तो पळतसुद्धा नव्हता. दोन वर्षं तो रोज संध्याकाळी तिथेच उभा असायचा आणि मी रोज संध्याकाळी त्याला बघत भाकऱ्या थापत होते, आणि मला दिसलं नव्हतं.

मानपत्र मी त्या रात्री एकटाकी लिहून काढलं. दैदीप्यमान वगैरे सगळं घातलं, मंडळाला ते लागतंच. पण शेवटी लिहिलं, 'गेली दोन वर्षे आमच्या अळूच्या एकाही पानास चेंडू लागलेला नाही. श्री. सेराव यांचे कर्तृत्व कशात आहे, असे कोणी विचारल्यास आम्ही ही पाने दाखवू.'

शनिवारी शाळेचा हॉल गच्च भरला होता. स्टेजच्या मागे यशोधनने केलेला मोठा फलक. यशोधन पुण्याहून आलेला सॉफ्टवेअरवाला मुलगा, मंडळाचं इन्स्टाग्राम आणि फलक तोच बघतो. फलकावर देवनागरीत झळझळीत अक्षरं होती, 'श्री. तेल्मो सेराव यांचा निवृत्तीनिमित्त भव्य सत्कार'. तेल्मो सूट घालून, ग्रासाला आणि मुलांना घेऊन आला. फलकावर आपलं नाव कुठलं ते त्याने विचारून घेतलं, त्याखाली उभं राहून फोटो काढला आणि सेतुबलला आईला पाठवला.

सत्कार सुरू झाला. शाल झाली, नारळ झाला, टाळ्या झाल्या. मी माइकसमोर जाऊन मानपत्र वाचायला घेतलं. मोबाइल बंद ठेवा म्हणून मी आधीच बजावलं होतं आणि मंडळात मला सगळे थोडे घाबरतात. मी 'रुमानियाच्या हिमवर्षावात' पर्यंत आले असेन, आणि स्टेजवरच फोन वाजला. प्रमुख पाहुण्याचा. मी वाचायची थांबले आणि चष्म्यावरून बघितलं. मला सवय आहे तशी. तेल्मोने फोन बाहेर काढला, स्क्रीनकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. परत स्क्रीनकडे बघितलं. आणि फोन बंद करून खिशात टाकला. मी मान हलवून पुढे वाचलं.

मानपत्र मराठीत होतं, त्यामुळे तेल्मो नुसता हसतमुखाने ऐकत होता. मग जयंत त्याचा इंग्रजी सारांश सांगायला उठला. "आज आपण इथे तेल्मोच्या रिटायरमेंटनिमित्त जमलो आहोत," हे त्याचं पहिलंच वाक्य.

तेल्मोचं हसू तोंडावर तसंच राहिलं, फक्त त्यातून तेल्मो निघून गेला. पहिल्या रांगेत ग्रासा उठून उभी राहिली. जयंत बोलतच होता, अळूपर्यंत गेला, लोक हसले, टाळ्या वाजल्या. मग तेल्मोला माइक दिला. त्याने नारळ या हातातून त्या हातात घेतला.

"इतकं सुंदर माझ्याबद्दल कुणी बोललं नव्हतं," तो म्हणाला. "फक्त एक विचारू का, दोना मंजिरी? मी रिटायर झालो हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

मागे पुलावाच्या पातेल्यावरचं झाकण पडलं ते सगळ्यांना ऐकू आलं. मी जयंतकडे बघितलं. जयंतने यशोधनकडे बघितलं. यशोधनचा चेहरा पांढरा पडला होता, आणि तो स्वतःच्या फोनकडे बघत होता.

"काकू," तो स्टेजच्या पायरीशी येऊन हळूच म्हणाला, "मी दुपारीच पोस्ट टाकलीय. इंग्लिशमध्ये. टॅग करून. ती कुठल्यातरी फॅन पेजने उचललीय. इट्स एव्हरीव्हेअर."

मी मुलांचा नाच पुन्हा एकदा लावायला सांगितला आणि तेल्मोला घेऊन स्टेजमागे गेले. तिथे शाळेच्या खुर्च्या एकावर एक रचून ठेवल्या होत्या. तेल्मोने फोन सुरू केला. तो सारखा किणकिणत राहिला. मघाशी वाजलेला फोन ओल्डरॉइडचा होता, आणि त्याखाली त्याचाच मेसेज. तेल्मोने तो मला दाखवला. 'तुला घ्यायचं ठरवून फोन करत होतो, तेवढ्यात आमच्या पोरांनी बातमी दाखवली. आधी सांगायचंस, गड्या. सुखी राहा.'

तेव्हा त्याने मला सगळं सांगितलं, पंधरा दिवसांचा सराव, वाट बघणं, पोर्ट्समथच्या टाइल्स. अंगावर आमची शाल तशीच होती. तो एका शब्दानेही चिडला नाही, आणि तेच मला सोसवेना. चिडला असता तर मी उलट चार शब्द बोलून मोकळी झाले असते. मला रडू यायला लागलं होतं. त्याने ओल्डरॉइडला फोन लावला. उचलला नाही. परत लावला. नाही.

"तुम्ही फोन का घेतला नाही मघाशी?" मी विचारलं. हा प्रश्न मी कुठल्या तोंडाने विचारला कोण जाणे.

"तुम्ही वाचत होता," तेल्मो म्हणाला.

बाकीचे मेसेज तो नुसते सरकवत होता, मग एकावर थांबला. बरोबर खेळलेली, विरुद्ध खेळलेली माणसं तो संपला असं समजून लिहीत होती. सायप्रसच्या एका गोलकीपरने लिहिलं होतं, 'तुझ्यामागे उभा राहिलो ते दोन सीझन मला झोप नीट लागायची.' एका स्ट्रायकरने लिहिलं होतं, 'तू नव्वद मिनिटं माझ्या कानाशी बडबडलास, मला वेड लागायची पाळी आली होती, तू गेलास हे फार बरं झालं.' तेल्मो हसायला लागला. डोळे पुसत हसत होता. "जिवंतपणी वाचायला मिळत नाही हे," तो म्हणाला.

आता रडत बसायची वेळ नव्हती. आपल्याकडे चूक झाली तर निस्तरायची एक पद्धत आहे, तिला जाहीर खुलासा म्हणतात. मी यशोधनला खुर्चीवर बसवलं आणि सांगत गेले तसं त्याला टाइप करायला लावलं. 'श्री. तेल्मो सेराव निवृत्त झालेले नाहीत. ते घरी होते, एवढेच. मंडळाने न विचारता समजूत करून घेतली. त्यांचा गुडघा उत्तम आहे. सोबत मानपत्र जोडले आहे.' यशोधनने सगळ्याचं इंग्रजी करून पोस्ट टाकली.

"आणि मला त्या ओल्डरॉइडचा नंबर दे," मी तेल्मोला म्हटलं. "तुझा फोन तो उचलणार नाही, त्याला वाईट वाटत असेल. माझा उचलेल." मी त्याला 'अरे तुरे' करायला लागले होते. इंग्रजीत ते कळत नाही, पण मला कळलं.

मी वीस वर्षं हरवलेल्या सामानाच्या डेस्कवर काढली आहेत. माझ्याकडे कुणीही खूश होऊन येत नाही. वैतागलेल्या माणसाशी पहिलं वाक्य काय बोलायचं, हे मला झोपेतही येतं. ओल्डरॉइडने फोन उचलल्याबरोबर मी म्हटलं, "सर, तुमचं सामान हरवलेलं नाही. त्याला चुकीचं लेबल लागलं होतं. ते माझ्याकडे आहे, सुखरूप आहे."

पलीकडून जाड यॉर्कशायरी आवाजात, "हू इज दिस, लव्ह?"

मी सांगितलं. गायिकेच्या व्हिसापासून सांगितलं, कारण मध्येच सुरू केलं तर कुणालाही कळलं नसतं.

"पण तुम्ही त्या माणसाला आधी विचारलंत का नाही?" तो म्हणाला.

"ते बरं दिसत नाही."

"आणि निरोप समारंभ करणं बरं दिसतं?"

मी म्हटलं, "तुमची मॅच कशी झाली आज?" हे मी सहज विचारलं, पण फोनमध्ये तो इतका मोठ्याने उसासला की तेल्मोलाही ऐकू गेलं. चार गोलनी हरले होते. "बचावात दोन पोरं आहेत माझ्याकडे," ओल्डरॉइड म्हणाला. "चांगली आहेत, पण एकमेकांशी अवाक्षर बोलत नाहीत. लायब्ररीत आल्यासारखी."

"हा बोलतो," मी म्हटलं. "मला आमच्या स्वयंपाकघरात ऐकू येतं."

तो आमची पोस्ट वाचत असावा. मग म्हणाला, "हे पानांचं काय आहे? दोन वर्षांत एकही नाही?"

"एकही नाही. आणि आमच्या शेजारची मुलं फार वाईट लाथा मारतात."

तो हसला. मग म्हणाला, "पुट हिम ऑन."

मी फोन तेल्मोला दिला आणि तोंड फिरवून उभी राहिले. तो 'येस गॅफर' (म्हणजे साहेब), 'येस', 'सोमवारी, येस' एवढंच बोलत होता. जानेवारीपर्यंतचा करार, पुढचं पुढे बघू. मोठं काही नव्हतं ते. पण तेल्मोने फोन ठेवला आणि मला उचललं. सेक्रेटरीला नऊवारीसकट स्टेजमागे उचलल्याची मंडळाच्या इतिहासात नोंद नाही, आणि ती होणारही नाही.

बाहेर मुलं तिसऱ्यांदा नाचून दमली होती. जयंतने माइकवर खुलासा केला. लोकांनी इतक्या टाळ्या वाजवल्या की ज्यांना काय घडलं ते कळलंच नव्हतं तेही वाजवत सुटले. तेवढ्यात आमचे सगळ्यात जुने सभासद मुरलीधरकाका काठी टेकत उठले. "अहो अध्यक्ष, खुलासा झाला, पण सत्काराचं काय? निवृत्तीचा सत्कार, आणि माणूस निवृत्त नाही. शाल परत घ्यायची का?"

दिलेला सत्कार परत घेता येत नाही, यावर सगळ्यांचं एकमत होतं. मग शाल कशाची, यावर दहा मिनिटं चर्चा झाली. आमच्या मंडळात चर्चा झाल्याशिवाय पुलाव वाढत नाहीत. शेवटी ठरलं की निमित्त बदलायचं. यशोधनने फलकावरच्या 'निवृत्ती'वर कागद चिकटवला आणि त्यावर मार्करने 'नवीन नोकरी' असं लिहिलं. "आणि तो नारळ हातात धरून काय बसलाय?" मुरलीधरकाका तेल्मोला म्हणाले. "कामाला लागलेला माणूस तू. फोड तो." मी ते इंग्रजीत सांगितलं. तेल्मोने बाहेर पायरीवर जाऊन एका फटक्यात फोडला. पाणी जयंतच्या सिल्कच्या कुडत्यावर उडालं, त्याचं मला काही वाईट वाटलं नाही.

सोमवारी पहाटे तो गाडी घेऊन उत्तरेला गेला. जानेवारीचं नक्की होईपर्यंत ग्रासा आणि मुलं इथेच राहणार होती. जाताना तो घडी केलेली शाल कुंपणावरून माझ्या हातात देऊन गेला. "ही तुमच्याकडे ठेवा," तो म्हणाला. "खरंच संपलो की मागून घेईन. तेव्हा मानपत्र तेच वाचा, नवीन लिहू नका." मी शाल कपाटात वरच्या खणात ठेवली आहे. सारखं उघडून बघत नाही.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी आम्ही थॉर्पलीची मॅच लॅपटॉपवर लावली. शून्य-शून्य. अर्ध्या तासात जयंत झोपला. त्याचं क्रिकेटवर वाढलेलं मन आहे, त्याला धावफलक हलता लागतो. मी मात्र शेवटपर्यंत बघितली. मैदानाभोवती माणसं थोडी होती, त्यामुळे पाऊस आणि आरडाओरडा यांतून तेल्मोचा आवाज स्पष्ट येत होता. डावीकडे, मागे, वर ये. ओल्डरॉइडची ती दोन मुकी पोरं आता एकमेकांना ओरडून सांगायला लागली होती. चेंडू जिथे जिथे यायचा म्हणत होता तिथे तो आधीच उभा होता, आणि मला ते दिसत होतं. मी एकटीच सोफ्यावर बसून टाळ्या वाजवल्या.

मॅच संपली आणि मी चहा टाकायला उठले, तर बागेत धप्प आवाज झाला.

मी बाहेर गेले. अळूच्या मधल्या कुंडीत चेंडू बसला होता. सगळ्यात मोठी दोन पानं देठापासून फाटून लोंबत होती. कुंपणावर चार डोकी वर आली आणि मला बघून खाली गेली. मी चेंडू उचलला. पूर्वी असा चेंडू माझ्याकडे आठवडाभर जप्त राहायचा. मी तो हातात घेऊन जरा वेळ तशीच उभी राहिले. कुंपणापलीकडची ती जागा मोकळी होती, गवतावर त्याच्या उभं राहण्याने पडलेली पिवळी खूण अजून होती. मला त्याची फार आठवण आली. मग मी चेंडू पलीकडे टाकला, आणि एकही शब्द बोलले नाही.

संध्याकाळी तेल्मोचा फोन आला. आवाज बसलेला, खुशीत होता. मॅच बघितलीत का, पोरं कशी बोलत होती ऐकलंत का, गुडघा अजिबात दुखत नाहीये. मी सगळ्याला हो म्हणत गेले. ठेवता ठेवता त्याने विचारलं, "आणि दोना मंजिरी, पानं कशी आहेत?"

"उत्तम," मी म्हटलं. "अजून एकालाही लागलेला नाही."

"बघा," तेल्मो म्हणाला, "वळण लावून आलोय त्यांना."

फोन ठेवून मी फाटकी पानं चिरायला घेतली. अख्ख्या पानाची वडी होते. फाटक्याचं फदफदं होतं, आणि खरं सांगायचं तर तेही आमच्याकडे सगळ्यांना आवडतं.